गच्चीवरचा सूर

धाकटीला जिने नकोसे झाले होते. बँडच्या तालमीची खोली फर्निचरच्या दुकानावर होती, जिना अरुंद होता आणि हातात व्हायोलिनची पेटी असली की कठड्याला धरता येत नसे. मधल्या वळणावर ती थांबली, पेटी भिंतीला टेकवली आणि गुडघे चोळू लागली. गुडघे दुखत होतेच, पण थांबण्याचं कारण ते नव्हतं. वर दादा बसला होता आणि त्याला आज उत्तर हवं होतं.

तिला 'धाकटी' म्हणणं ही आता चेष्टाच होती. साठीला टेकलेली बाई, केस पांढरेशुभ्र, घरी नातवाला कडेवर घेते आणि मग कंबर धरून बसते. पण बँड सुरू झाला तेव्हा ती दादाची धाकटी बहीण होती. बाकीच्यांनी तीच हाक उचलली, पोस्टरवरही तेच छापलं गेलं आणि छापलेलं नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच. ड्रम वाजवणाऱ्याला ते ढोल्या म्हणत. तेव्हा तो काडीसारखा होता, नाव फक्त वाद्यावरून पडलं होतं. पुढे तो हळूहळू देहानंही नावाला जागला.

त्यांचं संगीत कसलं, हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे नाकी नऊ यायचे. रॉक म्हणावं तर मध्येच व्हायोलिन सुरू व्हायचं. गाणं म्हणावं तर शब्द यायला इतका वेळ लागायचा की ऐकणारा चहा पिऊन परत यायचा. ताल सात मात्रांत चाललाय असं वाटेपर्यंत तो अकरात गेलेला असायचा आणि नाचायला उठलेली माणसं पायात पाय अडकून खाली बसायची. प्रोग्रेसिव्ह रॉक, असा शब्द होता त्याला. धाकटीच्या सासूबाई त्याला 'तुमचं ते लांबलचक' म्हणत, आणि खरं सांगायचं तर सासूबाईंचा शब्द जास्त नेमका होता.

त्यात धाकटी गायची आणि वाजवायची, दोन्ही एकदम. व्हायोलिन हनुवटीखाली दाबून धरायचं असतं. तसं धरलं की जबडा अडकतो, मग गाणार कसं? म्हणून तिनं ते खाली आणलं आणि गळ्याखालच्या हाडावर टेकवून धरायला लागली. तिला शिकवणारे मास्तर ते बघून म्हणाले होते, "पोरी, व्हायोलिन आहे ते, तान्हं बाळ नव्हे." पण तिला तेच जमलं. उलट, हातात व्हायोलिन नसलं की तिला गाताच येत नसे. रिकाम्या हातांनी माइकसमोर उभी केली की ती शाळेत कविता विसरलेल्या मुलीसारखी ओढणीशी चाळा करत राहायची.

पहिला अल्बम निघाला तो 'खालचा मजला'. रेकॉर्डची अख्खी दुसरी बाजू भरून एकच गाणं. एक लिफ्टवाला आहे, त्याची लिफ्ट तळमजल्याला थांबतच नाही, खाली खाली जात राहते. दादानं त्यात माणसाच्या जगण्याचा अर्थ वगैरे ठासून भरला होता. ढोल्याची मात्र कित्येक वर्षं प्रामाणिक समजूत होती की गाणं लिफ्टच्या देखभालीबद्दल आहे. तर शेवटी ती लिफ्ट उलटी फिरते आणि थेट गच्चीवर जाते. तिथं बाकीची सगळी वाद्यं थांबतात, धाकटीचा गळा आणि तिचं व्हायोलिन एकाच सुरात वर चढायला लागतात, माणसाच्या गळ्यानं जिथं जाऊ नये तिथपर्यंत जातात आणि तिथं उभे राहतात. बँडमध्ये त्या सुरालाच 'गच्ची' म्हणायचे. ऐकणाऱ्यांच्या तोंडीही तो शब्द बसला. कार्यक्रम संपवून घरी आली की नवरा दार उघडताना विचारायचा, "लागली का आज गच्ची?"

पुढे 'आठवी पायरी' आला, तो जाणकारांनी डोक्यावर घेतला आणि बाकीच्यांनी हातातही घेतला नाही. मग 'वाफ'. मग कंपनीनं सांगितलं की बाबांनो, जरा छोटी गाणी करा, म्हणून 'सुटसुटीत' केला, आणि तो इतका सपाटून पडला की दादा आजही त्याचं नाव घेत नाही. धाकटीनं एकटीनं नुसत्या व्हायोलिनचा एक अल्बम काढला होता, 'एकटीचं' नावाचा. तो नातेवाइकांनी कौतुकानं घेतला आणि कपाटावर ठेवला. लोकांना हवी होती ती फक्त पहिल्या अल्बमची दुसरी बाजू. त्यातही शेवट. कुठंही जा, कितीही नवं वाजवा, मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचंच, "गच्ची!"

आणि ती लावायची. सुरुवातीची वर्षं तर हटकून लावायची, डोळे मिटून, मानेच्या शिरा ताणून. मग एके वर्षी गळ्यात गाठी झाल्या. ऑपरेशन झालं, कित्येक महिने बोलायची बंदी होती, घरात ती टाळ्या वाजवून माणसं बोलवायची. डॉक्टर म्हणाले, जोर लावायचा नाही. दादा म्हणाला, "रियाज सोडलास ना, त्याचं आहे हे. सूर होता तुझ्या गळ्यात. साऱ्या जगानं ऐकलाय." आणि ते खरंच होतं, साऱ्या जगानं ऐकलाच होता, म्हणून तिनं वाद घातला नाही. ती परत जोर लावायला लागली. कधी लागायचा, कधी चिरकायचा, पुढं पुढं चिरकायचाच. मागच्या कार्यक्रमात तो फुटला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईनं नजर खाली घातली होती. लोकांनी शिट्ट्या मारल्या असत्या तर परवडलं असतं.

आता दादानं तोड काढली होती. पहिल्या अल्बमच्या वाढदिवसाचे कार्यक्रम ठरले होते, तो अख्खा वाजवायचा होता. गच्ची आली की धाकटीनं नुसतं व्हायोलिन वाजवायचं आणि ओठ हलवायचे. गळा जुन्या टेपवरून लावायचा.

"तुझाच आवाज आहे," तो फोनवर म्हणाला होता. "दुसऱ्या कुणाचा थोडाच लावतोय? आणि एकदा तेवढा लावायचा म्हटल्यावर बाकीचंही टेपवरूनच घेऊ, म्हणजे जोड कळणार नाही. तुलाही आराम."

म्हणजे गाणं बंद. तिला ते फोन ठेवल्यावर कळलं. सकाळी नवऱ्यानं गरम पाण्याचा ग्लास हातात देत विचारलं होतं, "तुला काय करायचंय पण?" तो भूगोलाचा निवृत्त मास्तर, सगळे प्रश्न असेच सरळ विचारायचा. ती म्हणाली, "मला झोपायचंय." तो हसला, पण ती चेष्टा करत नव्हती. त्या एका सुराचं ओझं इतकी वर्षं वाहून ती दमली होती. कुणीतरी ते खांद्यावरून उतरवून घेतंय तर घेऊ दे, असं तिला वाटत होतं. आणि लाजही वाटत होती. स्वतःच्याच पंचविशीतल्या आवाजासमोर मासळीसारखं तोंड उघडत उभं राहायचं, याची.

तिनं पेटी उचलली आणि उरलेला जिना चढली.

खोलीत पॉलिशचा वास होता, तो खालून फळ्यांच्या फटींतून वर यायचाच. ढोल्या आपल्या ड्रमच्या पसाऱ्यात रुतून बसला होता. दादा कीबोर्डपाशी, नाकावर चष्मा, कपाळाला आठ्या. आणि खिडकीजवळ कॉम्प्युटर लावून काकांची लेक बसली होती. काका म्हणजे त्यांचा जुना रेकॉर्डिस्ट. पहिले तिन्ही अल्बम त्यांच्याच स्टुडिओत झाले. काका जाऊन काही वर्षं झाली, आता स्टुडिओ लेक चालवते. बापासारखीच ती कमी बोलायची आणि समोरच्याकडे बघण्याऐवजी यंत्रावरच्या काट्यांकडे बघायची.

"ये," दादा म्हणाला. "बस. हिनं कमाल केलीय. तुझा गळा आणि व्हायोलिन एकाच माइकवर होतं ना तेव्हा? ते सुटं केलं हिनं. आता असं काही मशीन निघालंय म्हणे."

एकाच माइकवर होतं, कारण धाकटी रिकाम्या हातांनी गात नव्हती. काकांनी पुष्कळ डोकं खाजवलं आणि शेवटी एकच माइक तिच्या तोंडाच्या आणि व्हायोलिनच्या मधोमध टांगला होता. दोन्ही कायमचे एकमेकांत मिसळून गेले होते, पुढे कधी ते सुटे होतील असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

काकांची लेक उठून तिच्याजवळ आली. "ताई, आधी तुम्ही एकट्या ऐकता का? मी हेडफोन देते."

"एकटीनं काय ऐकायचंय त्यात?" दादा म्हणाला. "सगळ्यांनीच ऐकू. पण आधी हिचं होऊ दे. काय गं, ठरलं का तुझं?"

धाकटीनं खुर्ची ओढली. जिन्यात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं कुठं गेली कोण जाणे. "लाव टेप," ती म्हणाली. "मला चालेल."

दादाचा चेहरा खुलला. ढोल्यानं मात्र हातातली काठी खाली ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं. "नक्की ना?"

"हो रे बाबा. नक्की."

काकांच्या लेकीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं आणि टेप सुरू केली.

आवाज आला तो इतका उघडा, की धाकटीनं नकळत अंगावरचा शर्ट सारखा केला. व्हायोलिन नाही, कीबोर्ड नाही, काही नाही. एक पोर गातेय. दोन ओळींच्या मध्ये आवंढा गिळतेय, श्वास घेतेय, तो श्वाससुद्धा घाईचा. छान गात होती, यात शंका नाही. धाकटीला तिची कीव आली आणि हेवाही वाटला. लिफ्ट फिरली, वर निघाली. पोरीचा आवाज चढायला लागला, एकेक पायरी, घट्ट, स्वच्छ. दादानं डोळे मिटून मान डोलवली. आता गच्ची.

गच्चीच्या खालच्या पायरीवर आवाज थरथरला. मग विरला, जुन्या कापडासारखा, आणि नुसता श्वास उरला. मग तोही थांबला. पुढं शांतता होती, आणि शांततेच्या शेवटी एक छोटासा, दबलेला खोकला.

खाली दुकानात कुणीतरी रंधा मारत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"पुढचं कुठाय?" दादानं विचारलं.

"पुढचं हे," काकांची लेक म्हणाली आणि तिनं दुसरा भाग लावला. नुसतं व्हायोलिन. ते चढत आलं आणि गच्चीवर जाऊन उभं राहिलं, न हलता, पुरतं, लखलखीत. मग तिनं दोन्ही एकत्र लावले. आणि काय सांगावं, दोन्ही एकत्र लावल्याबरोबर तिथं गळा ऐकू यायला लागला. शपथेवर सांगितलं असतं कुणीही की वर बाईचा आवाज आहे. खालून चढत आलेल्या गळ्याची कानाला इतकी सवय झालेली असायची, की पुढचं कान स्वतःच भरून घ्यायचा.

"मशीन चुकलं असेल," दादा म्हणाला. "गळ्यातलं थोडं व्हायोलिनमध्ये गेलं असेल."

"मलाही आधी तसंच वाटलं. म्हणून वेगवेगळ्या रीतीनं करून बघितलं, दादा. दरवेळी हेच निघतंय. वर गळा नाहीच आहे."

ढोल्या हसला. मोठ्यानं हसला आणि अर्ध्यातच थांबला, कारण त्याचं धाकटीकडे लक्ष गेलं.

धाकटी व्हायोलिनच्या पेटीवर हात ठेवून बसली होती. तिला तो दिवस आठवत होता. सकाळपासून चाललेलं रेकॉर्डिंग, भरलेला ताप, डोळे मिटलेले. वर गेल्यावर सगळं डोकं वाजायला लागलं होतं. व्हायोलिन हाडाला टेकलेलं, हाड वाजतंय, दात वाजतायत, गळा वाजतोय. तिला वाटलं होतं की आपण गातोय. तिनं डोळे उघडले तेव्हा काकांनी काचेपलीकडून हात वर केला होता, झालं म्हणून. आणि ती रडली होती आनंदानं. काकांना कळलं नसेल? त्या माणसाला माइकसमोरून माशी गेलेली कळायची. त्यांना कळलं असणार, आणि तो टेक आवडलाही असणार. तिला काकांचा राग आला. मग दादाचा, मग स्वतःचा, आणि मग तिला इतका थकवा आला की रागही धरवेना.

"तुझ्या बाबांनी कधी काही सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही, ताई. ते कामाचं घरी बोलायचे नाहीत."

दादा उठून येरझाऱ्या घालायला लागला. तसा तो वाईट माणूस नव्हता. पण अडचण आली की तिच्याभोवती फिरून वाट काढायची ही त्याची सवय, आणि वाट निघाली की ती कुणाच्या अंगणातून जातेय हे तो बघत नसे. "बरं," तो थांबून म्हणाला. "काही बिघडलं नाही. खालचा सूर आहे ना तिचा? तो कॉम्प्युटरवर ओढून वर नेता येईल. हल्ली सगळे तेच करतात. काय गं, येईल ना?"

"येईल," काकांची लेक म्हणाली. "पण..."

"पण काय त्यात! कुणाला कळतंय? तिचाच गळा, थोडा वर उचलला."

"नको," धाकटी म्हणाली.

"अगं, आत्ताच तर हो म्हणालीस."

"मला वाटलं होतं टेपवरच्या त्या पोरीनं लावलाय. म्हणून हो म्हणाले." तिनं घसा खाकरला. "दादा, तिनं नाही लावला. मी लावला. नंतर. स्टेजवर. खरा लावला होता, ढोल्या, होता ना?"

"होता तर," ढोल्या म्हणाला. "मी मागे बसायचो. माझ्या ड्रमच्या थाळ्या आपोआप वाजायला लागायच्या, तू वर गेलीस की. ते काही व्हायोलिननं होत नाही."

"मग ते कुठं आहे? त्याची टेप आहे कुणाकडे?"

नव्हती. कार्यक्रम रेकॉर्ड करायची तेव्हा त्यांची ऐपतही नव्हती आणि दादाला ते आवडतही नसे. अल्बम तो अल्बम, असं त्याचं म्हणणं. म्हणजे जो सूर जगानं ऐकला तो तिनं गायलाच नव्हता, आणि जो ती गायली तो ऐकणारे आपापल्या घरी निघून गेले होते. रेकॉर्डवर आहे म्हणून तिनं तो स्टेजवर शोधत नेला, सापडेपर्यंत गळा ताणला, सापडल्यावरही ताणत राहिली. आणि तो फुटायला लागला तेव्हा लोक म्हणाले, रेकॉर्डवर काय गायली होती ही, आता बघा. ती स्वतःही तेच म्हणाली होती. आरशात बघून म्हणाली होती.

"मी गाते," ती म्हणाली. "माझ्या आजच्या गळ्यानं. ती जिथपर्यंत गेली तिथपर्यंत. तिथून वर व्हायोलिन जाईल."

"आणि लोक काय म्हणतील?"

"लोक आजवर तेच तर ऐकत आलेत," ढोल्या म्हणाला.

दादा कीबोर्डपाशी जाऊन बसला आणि उगाच एक पट्टी बोटानं पुसत राहिला. धाकटीनं व्हायोलिन काढलं, गजाला राळ लावली, खुंट्या पिळून तारा सारख्या केल्या. ढोल्यानं काठीवर काठी आपटून सात मोजले.

शेवटच्या भागापासूनच घेतलं त्यांनी. तिचा गळा आता खाली उतरला होता, जाड झाला होता, काठांवर खरखरीत. जुन्या टेपनंतर तो ऐकायला कसासाच वाटला, तिचा तिलाच. लिफ्ट फिरली. ढोल्या थांबला. दादा थांबला. ती एकेक पायरी चढत गेली, खालच्या पायरीवर पोचली, तिथं आवाज थरथरला आणि सवयीनं तिच्या मानेच्या शिरा ताणल्या, पोट आत गेलं, सगळं अंग तयार झालं धक्का मारायला.

तिनं तोंड मिटलं. गज तेवढा ओढत राहिली.

दादा मान खाली घालून बसला होता. वर सूर लागला तशी त्यानं झटकन मान उचलली, जशी तो पूर्वी उचलायचा, गच्ची आली की. त्याला गळा ऐकू आला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ बंद होते आणि गाल ओले झाले होते. तो बघतच राहिला. सूर संपला तरी त्याची बोटं पट्ट्यांवर यायची राहून गेली आणि गाणं तिथंच अर्धवट थांबलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तिथं मी यायला हवं होतं."

"परत घेऊ," ढोल्या म्हणाला, पण कुणी हललं नाही. काकांच्या लेकीनं कॉम्प्युटर मिटला आणि पाणी आणते म्हणून जिना उतरून खाली गेली. तिच्यामागोमाग ढोल्याही निघाला.

धाकटीनं व्हायोलिन मांडीवर घेतलं आणि तारांवर सांडलेली राळ फडक्यानं पुसायला लागली. दादा कीबोर्डमागून उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. तो तिच्या गळ्याकडे बघत होता, जिथं ऑपरेशननंतर मफलर गुंडाळायची तिला सवय लागली होती.

"दुखायचं का गं?" त्यानं विचारलं. "वर जाताना."

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

तिनं फडकं घडी करून पेटीत ठेवलं.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "रेकॉर्डवर एकदा तर जमलं होतं."